गाडीची खोड

हे सांगायचं मी काही वर्षं टाळलं. माझी जुनी इलेक्ट्रिक कार घ्यायला मुडबीचा एक शेतकरी बिदरातल्या मैलूरला माझ्या घरी आला. बायकोला डायलिसिससाठी बिदरला आणायला त्याला ती हवी होती. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं टपावरून हात फिरवला.

"खोड असली तर आताच सांगा, अण्णा. बाजारात बैलवालाबी सांगतोय."

"काही नाही," मी म्हणालो. अर्धं चार्जिंग दिसत असतानाच ती बंद पडते, हे मला माहीत होतं.

त्यानं गाडी नेली, आणि महिन्याभरात बायकोला बिदरला आणताना ती वाटेत मन्नाएखेळ्ळीजवळ बंद पडली. दवाखाना गाठायच्या आत बायको गेली.

नंतर तो आला. "बोल लावायला न्हाई आलो, अण्णा. तुमाला ठाऊक असतं तर सांगितलंच असतं की."

'मला ठाऊक होतं, माफ कर,' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.