लेखी सल्ला डावलून

हेवा कशाचा वाटावा याला काही धरबंध नाही. कुणाला शेजारणीच्या बागेचा वाटतो, कुणाला भावाच्या बोटीचा. आमच्या ऑटर बेंडच्या मार्लिस प्रोहास्काला मात्र तब्बल सोळा वर्षं हेवा वाटला तो मैलापाणी केंद्राच्या सुपरिंटेंडेंटचा. हसू नका. आपल्याला हसू येतं म्हणून जळणाऱ्याला कमी भाजत नाही.

मार्लिस चौतिसाव्या वर्षी नगरपालिकेच्या वकिली खात्यात लागली. तिथल्या दोन जुन्या वकिलांनी चांगली कामं आपापसांत वाटून घेतली होती: जमिनी, करार, पोलिसांची प्रकरणं. उरलं ते तिच्या टेबलावर आलं. पाणी, गटारं, कचऱ्याचा डेपो आणि डेपोतून झिरपणारं काळं पाणी. ज्याला वास येतो ते मार्लिसकडे, असं ठरूनच गेलं. तिनं नाक मुरडलं नाही. सासरच्या नातेवाइकांची नावं तिला चुकत, पण गावाखालची एकही वाहिनी चुकत नसे.

आमच्या जुन्या गटारांतून पावसाचं पाणी आणि मैला एकत्रच वाहायचा. मोठा पाऊस झाला की सगळं नदीत. खालच्या गावानं बोंब मारली आणि राज्याच्या पर्यावरण खात्यानं आमच्या नगरपालिकेला कोर्टात खेचलं. आठ वर्षांत सगळं बदला, असं खात्याचं म्हणणं. तसं केलं असतं तर निम्म्या गावाला पाण्याचं बिल झेपलं नसतं. मार्लिस अकरा वर्षं भांडली. कोर्टासाठी मॅडिसनला, राज्याच्या राजधानीत, जायला अडीच तास, यायला अडीच तास, बर्फ असलं की साडेतीन. मुलाच्या हॉकीच्या मॅचचे तिनं फक्त स्कोअर ऐकले. शेवटी आठाची वीस वर्षं करून आणली. कोर्टाच्या त्या हुकूमनाम्यातला एकेक स्वल्पविराम तिचा होता.

आणि गावाच्या तोंडी नाव कुणाचं? व्हर्लिन टॉलेफसनचं.

केंद्राचा सुपरिंटेंडेंट व्हर्लिन म्हणजे लाल तोंडाचा, मिशाळ, गडगडाटी हसणारा माणूस. शाळेच्या सहली आल्या की तो पोरांना टाक्यांवरून हिंडवायचा, आणि पोरं घरी जाऊन आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगायची. सोळा वर्षांपूर्वी पहिली मोठी टाकी सुरू झाली. शुद्ध होऊन नदीत जाणारं पाणी हा लोकांसमोर पेलाभर पिऊन दाखवणार, अशी मार्लिसला कुणकुण लागली. तिनं तातडीनं पत्र धाडलं: सदर पाणी नदीत सोडण्याजोगं आहे, पिण्याजोगं नाही, प्यायल्यास नगरपालिका जबाबदार राहणार नाही. व्हर्लिननं पत्राची घडी करून ते खिशात घातलं.

"वकीलबाई, कागदाचं काम तुझं, पाण्याचं माझं," तो म्हणाला. "तू कोर्टाला कागद पाज. मी हे पितो."

कॅमेऱ्यासमोर त्यानं पेला घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "फक्त मीठ थोडं कमी आहे." गाव खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर व्हर्लिन. तोच फोटो चौकटीत बसून लिंडनरच्या बारमध्ये भिंतीवर गेला. शुक्रवारी तळलेले मासे खायला सगळं गाव तिथंच लोटतं. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर आणि एक निळी फाइल दिसते. ते कोपर मार्लिसचं. खाली छापलंय, 'व्हर्लिन टॉलेफसन व इतर'.

इतर! अकरा वर्षं भांडून ती 'इतर'. त्या बारमध्ये ती कायम भिंतीकडे पाठ करून बसायची. आयत्या बिळावरचा नागोबा, असं ती त्याला मनातल्या मनात म्हणे. खरं तर तो बिचारा स्वतः गटारात उतरणारा माणूस, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण हेव्याला न्याय कुठला कळायला? नाताळात तो प्रत्येक खात्यात स्वतः धरलेल्या माशांच्या लोणच्याची बरणी द्यायचा. मार्लिस ती घरी नेऊन फ्रीजपाशी उभ्या उभ्या संपवायची, आणि लोणचं झकास झालंय म्हणून जास्तच चिडायची.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे होती. पेला प्यायल्यानंतर व्हर्लिन तीन दिवस रजेवर होता. कामावर झालेल्या आजाराचे अर्ज वकिली खात्यातून जात, म्हणून तो तिच्याकडे आला. आजाराचं कारण: पोट. मार्लिसनं तो निळ्या फाइलीत ठेवला आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावाची अब्रू गेली असती. पण वाईट दिवशी त्या अर्जाची आठवण काढली की तिला जरा बरं वाटायचं.

पुढं दोन वर्षांनी एका नगरसेवकानं सुचवलं, सहाव्या रस्त्यावरच्या पंपघराला व्हर्लिनचं नाव देऊ या. मार्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पंपघराच्या जागेसाठी तिनं तीन मालकांशी दीड वर्ष डोकं फोडलं होतं. पुढच्या सभेत तिनं कायदेशीर अभिप्राय मांडला: जिवंत माणसाचं नाव सरकारी वास्तूला देणं धोक्याचं. आज देवमाणूस वाटतो, उद्या दारू पिऊन गाडी ठोकली तर? सोबत ठरावाचा मसुदाही तयार. यापुढे ज्याला जाऊन वर्ष झालंय, त्याचंच नाव द्यायचं. मुद्दा कायद्याला धरून होता. पोटदुखीला कायद्याचा कोट घातला की ती चारचौघांत खपून जाते.

मसुदा ठेवून ती सभागृहाबाहेर आली. व्हर्लिन दुसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं तिला धैर्य नव्हतं. कॉफीच्या यंत्रापाशी उभी असताना आतून मोठा हशा ऐकू आला. तिचे कान तापले. ओळखलं आपल्याला यांनी, तिला वाटलं. ठराव मंजूर झाला, पालापाचोळा उचलण्याचा विषय आणि बर्फाच्या गाड्यांचा विषय यांच्या मध्ये. तो हशा मात्र चौदा वर्षं तिच्या कानातून गेला नाही.

मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात व्हर्लिन गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसला होता, तिथंच हृदय थांबून गेला. लूथरन चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं कमी पडली. मार्लिसनं डोळे पुसले, अगदी खरे पुसले, आणि बाहेर उभ्या गाड्याही मोजल्या. एकशे त्र्याण्णव. माझ्या वेळी साठ आल्या तरी खूप, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

या वसंतात मुदतीच्या दोन वर्षं आधी सगळं काम पुरं झालं. नदीकाठी नवं केंद्र उभं राहिलं, कोर्टानं खटला मिटवला. मार्लिस जूनमध्ये निवृत्त होणार होती. महापौर ड्वेन रिटर डोनटचा खोका घेऊन तिच्या खोलीत आला.

"केंद्राच्या फाटकावर नाव हवंय," तो म्हणाला. "आम्ही ठरवून टाकलंय. मार्लिस प्रोहास्का जलशुद्धी केंद्र."

"गंमत करतोस का रे म्हातारीची?"

"अगं, एकोणतीस वर्षं वास घेतलास. आता निदान पाटी तरी घे!"

आमच्याकडे नुसतं नाव देत नाहीत. सगळा ठराव पितळी पाटीवर कोरतात, एकेका 'ज्याअर्थी'सकट. थांबून वाचणारे वाचतात. मार्लिसनं बहिणीला फोन करून सांगितलं, मग मुलाला, मग पुन्हा बहिणीला. शुक्रवारी ती लिंडनरकडे गेली आणि पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसली. व्हर्लिनकडे बघून तिनं ग्लाससुद्धा उंचावला. आणि मासा तोंडात असतानाच तिला तो ठराव आठवला.

ती जिवंत होती. हीच काय ती अडचण.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मग ती विचार करू लागली. निम्मे नगरसेवक नवे. तेव्हाची कारकून ॲरिझोनात मुलीकडे. ठराव उपविधींच्या पुस्तकात छापत नाहीत. तळघरात सभांच्या इतिवृत्तांत पडून असतात. म्हणजे माहीत फक्त तिला. बोललं, तर कुणीतरी विचारणार, हा ठराव केला होता कशासाठी? आणि दुसरं कुणीतरी म्हणणार, अरे, व्हर्लिनला जाऊन तर दीड वर्ष झालं! मग पाटी त्याचीच. मार्लिस गप्प बसली.

स्वतःच्या कौतुकाचा ठराव स्वतः कसा लिहायचा, म्हणून तो पाकू शाँगकडे गेला होता. पाकू तिच्या हाताखालची तरुण वकील, जूननंतर तिच्याच खुर्चीत बसणारी.

"मार्लिस, जुना एखादा ठराव आड येत नाही ना?" पाकूनं विचारलं. "तुम्हीच शिकवलंत, आधी तळघर बघायचं, मग लिहायचं."

"काही नाही गं. लिही तू."

"मग खाली जाऊन येत नाही मी."

"मी सांगतेय ना!"

"बरं," म्हणून पाकू गेली. निःशंक गेली. एकोणतीस वर्षांत मार्लिस हट्टानं बोलली होती, तुसडं बोलली होती. खोटं कधी बोलली नव्हती. खात्यात नव्या आलेल्या माणसाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, नदीत काहीही सोडलंत तरी खाली कुणीतरी ते पितं, विसरू नका. पाकूलाही बजावलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच तळघरात उतरली. ठरावात एखादी पळवाट राहिली असेल, अशी आशा होती. नव्हती, मसुदा तिचा होता ना! पण खाली कारकुनीच्या सुबक भाषेत आणखी चार ओळी होत्या, आणि त्या तिनं कधी वाचल्या नव्हत्या.

'श्री. टॉलेफसन, मैलापाणी विभाग, यांनी ठरावास पाठिंबा दिला. ते म्हणाले की, पंपघराला प्रोहास्काबाईंचंच नाव शोभेल, कारण त्याही अहोरात्र चालू असतात व बंद पडल्या तर गाव बुडेल. मात्र त्या मरेपर्यंत थांबण्यास आपली हरकत नाही. (हशा.)'

मार्लिस तळघराच्या पायरीवर बसली. हाच तो हशा. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. पण त्याच्या मागोमाग जुनी जळजळ दुपटीनं वर आली. हा माणूस आपल्या हातची पाटी जाताना असं बोलला! त्याच्या पोटात काही दुखलंच नाही. इतकं हलकं पोट घेऊन माणूस जगतो तरी कसा? फोटोचा हेवा तिनं सोसला होता, गाड्यांचा सोसला होता. याचा सोसवेना.

"मेल्या," ती रिकाम्या तळघरात मोठ्यानं म्हणाली, "इथंही तूच पुढे!"

मग ते पुस्तक काखेत मारून ती आधी पाकूकडे गेली. "मघाशी मी तुला खोटं सांगितलं," एवढंच म्हणाली आणि पान उघडून दिलं. तिथून महापौराकडे.

ड्वेननं वाचलं आणि हात झटकला. "हात्तिच्या! रद्द करू. दोन मिनिटांचं काम. तो वरून बघायला येतोय होय?"

मार्लिसला 'कर' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं.

"नको," ती म्हणाली. "माझाच ठराव, आणि माझ्यासाठीच रद्द? इतकी वर्षं लोकांना नियम दाखवून परत पाठवलं मी. आता कुठल्या तोंडानं सवलत मागू?" मग घसा खाकरून, "नाव व्हर्लिनचं द्या. त्याचं वर्ष भरलंय."

"नक्की?"

"एकदा म्हटलं ना!"

ड्वेन खुर्चीत मागं रेलला. "खरं सांगू का मार्लिस, वाईट नको वाटून घेऊ. लोकांना तेच जास्त आवडेल."

वाईट वाटून घेऊ नको म्हणे! तिनं डोनटच्या खोक्यातला शेवटचा डोनट त्याच्या देखत उचलला आणि बाहेर पडली.

ठराव आता तिनंच लिहिला. ज्याअर्थी व्हर्लिन टॉलेफसन यांनी एकतीस वर्षं या गावाचं सांडपाणी निमूटपणे स्वच्छ केलं. ज्याअर्थी महापुरात ते दोन दिवस केंद्र सोडून हलले नाहीत. लिहिताना हात आखडला नाही. सगळं खरं होतं. तिसऱ्या कलमाशी ती बराच वेळ थांबली, मग झरझर लिहून मोकळी झाली. पाकूनं ते मोठ्यानं वाचलं.

"'ज्याअर्थी पहिल्या टाकीचं शुद्ध पाणी त्यांनी, नगरपालिकेच्या वकिलांचा लेखी सल्ला डावलून, जाहीरपणे प्राशन केलं.' मार्लिस, हे 'लेखी सल्ला डावलून' हवंच का? कायद्यानं गरज नाही."

"कायद्यानं हरकतही नाही. पत्राची प्रत फाइलला आहे."

पाकूनं तिच्याकडे बघितलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि खाली शिक्का मारला.

सप्टेंबरात मार्लिस नदीकाठानं फिरायला गेली होती. फाटकापाशी बाहेरगावचं एक जोडपं पाटी वाचत होतं. निवृत्त झाल्यापासून ती बऱ्याचदा त्या बाजूनं जायची. पाटीवरच्या 'लेखी सल्ला डावलून' या तीन शब्दांवर हिरवट डाग पडला की रुमालानं पुसायची.

"हे बघा, वकिलानं नको म्हटलं तरी प्यायला!" बाई नवऱ्याला म्हणाली. दोघंही हसले. "कोण होता हो हा वकील?" तिनं मार्लिसला विचारलं.

"होती एक."

"आणि मग पाण्यानं त्याला काही झालं का?"

मार्लिसच्या डोळ्यांपुढं तो अर्ज उभा राहिला. तीन दिवस. कारण: पोट. सोळा वर्षं तिनं हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून वाट बघितली होती. तिनं वर फाटकावरचं नाव एकदा वाचलं.

"छे," ती म्हणाली. "फक्त मीठ थोडं कमी होतं म्हणाला."