बारवीच्या देवराईत एकदाच विचारलेला प्रश्न

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, अंबरनाथच्या कारखान्यात चिकटण्याची पितृआज्ञा मोडून, प्रस्तुत लेखकाने एका वनसंवर्धन संस्थेत उमेदवारी पत्करली. वेतन नाममात्र, सर्पभय अमर्याद. गुरू म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या सबनीसबाई. त्यांनी लगोलग फर्मावले, "उद्या बारवीकडच्या देवराईत जायचंय. तिथल्या वाडीनं होकार दिला तर ते रान आपण राखायचं. नाहीतर फार्महाउसवाले टपलेच आहेत."

बदलापूरला उतरून एस.टी. धरावी. वडापाव स्थानकाबाहेरच खाऊन घ्यावा. पुढे केवळ निसर्ग आहे, आणि तो खाता येत नाही. फाट्यापासून तासाभराचा चढ. देवराईच्या कडेला बाईंनी चपला काढल्या. आत पादत्राणे निषिद्ध.

"बाई, फुरसं?" मी क्षीण स्वरात पृच्छा केली.

"असतं. पाचोळ्यात. खाली बघून चाला."

या सांत्वनाने माझे उरलेसुरले धैर्य पंचत्वात विलीन झाले.

आत शेंदरी शिळेभोवती सगळी वाडी बसलेली. उल्हासनगरचा जमीन-एजंटही सफारी सूट घालून, अनवाणी. निर्णय देवाच्या कौलाने होणार होता: शिळेवर दोन्ही बाजूंना ओली फुले चिकटवायची, उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. वनस्पतिशास्त्राचे भवितव्य एका ओल्या फुलावर लटकले होते.

वाडीच्या भगताने आधी एजंटासाठी कौल लावला. डावे पडले.

"परत लावा ना, भगत. देवाला बराबर ऐकू नसेल आलं."

पुन्हा डावे. तिसऱ्यांदा उजवे. "बघा!" एजंट गरजला.

मग बाईंचा कौल. मी फुलाकडे पाहत राहिलो. डावे पडले.

"बाई, आपणही पुन्हा..." मी कुजबुजलो.

"विचारलं, उत्तर मिळालं. उठा." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. रान गेले, असेच वाटले.

तेवढ्यात मागून एक म्हातारी कडाडली, "ह्याला दोनदा नाय म्हटला तरी ऐकू गेला नाय! उद्या झाड तोडू नको म्हटला तर किती वेला सांगाचा?"

वाडी हसली. एजंट नाही.

भगत बाईंकडे वळला. "पन देवानं तुमालाबी नाय म्हटला. मंग रान कोन राखनार?"

"तुम्ही. बोलावलंत तर आम्ही येऊ."

वाडीने रान राखले. दरवर्षी बोलावणेही धाडले.

त्या सायंकाळी अंबरनाथला पोचलो. पिताश्रींनी विचारले, "मिळाली का जमीन?"

"नाही," मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंकडे गेलो.

पुढे उभी हयात जमिनी राखण्यातच व्यतीत झाली. अद्यापही ग्रामसभेत प्रश्न टाकला की उत्तर येईतो ते ओले फूल डोळ्यांपुढे लटकत राहते. पण प्रश्न एकदाच टाकतो. त्या हट्टापायी काही राने हातची गेली. तिथे आज बंगले आहेत. बाईही आता नाहीत. त्या देवराईत मात्र मी बोलावल्यावाचून पाऊल ठेवत नाही.

यंदा बोलावणे अजून आलेले नाही.