नागेशची तिसरी मोरी

नागेश गेल्याचा फोन आला, तेव्हा त्याचीच ट्रॉली माझ्या दारात उभी होती. न्हाणीघर नव्यानं बांधायला काढलं होतं. जुन्या फरशा, विटा, माती भरायला आदल्या दिवशी तो स्वतः ट्रॉली लावून गेला होता. जाताना ट्रॅक्टरवरून मान वळवून म्हणाला, "नाटक्या, नीट भर. न्हायतर मागल्यासारखं करीन." हे त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य. लोक जाताना काय काय थोर बोलून जातात, आणि माझा शाळेपासूनचा मित्र मला धमकी देऊन गेला... फोनवर सुरेखावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा पिता पिता." मी फोन कानाला तसाच धरून बाहेर आलो आणि, खोटं कशाला सांगू, आधी ट्रॉलीत डोकावून पाहिलं. नीट भरली होती की नाही ते.

'मागल्यासारखं' म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय नागेश कळायचा नाही. सोलापुरात घराची भिंत पाडायची म्हटलं की राडारोडा न्यायला ट्रॉलीवाले पुष्कळ मिळतात. माल कुठं नेऊन टाकला, हे त्यांना कुणी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. नागेशचं तसं नव्हतं. त्याच्या ट्रॉलीच्या मधोमध एक उभी फळी असे. एका बाजूला विटा, दगड, फरशा; दुसऱ्या बाजूला माती आणि गिलावा. मागच्या हुकाला एक पोतं टांगलेलं, त्यात काच, बल्ब, रंगाचे डबे. चिंचोळी एमआयडीसीच्या वाटेवर त्याचं आवार होतं. तिथं अख्ख्या विटा चुना खरवडून रचल्या जायच्या आणि कुणाच्या तरी कंपाउंडला किंवा गोठ्याला जायच्या. तुकडे भरावाला, माती चाळून बागेला, लोखंड भंगारात. पण हे सगळं जमायला ट्रॉली भरणाऱ्यानं वेगवेगळं भरायला हवं, आणि मागच्या खेपेला भरणारा मी होतो.

झालं असं, की घरी हळदीकुंकू होऊन गेलं होतं. उरलेला मसालेभात, कागदी प्लेटा आणि ऑइलपेंटचा अर्धा डबा मी विटांखाली असा काही दडवला, की मलाच माझं कौतुक वाटलं. नागेश ट्रॉली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर परत आला, ट्रॉली हळूहळू वर उचलली गेली, आणि सगळा माल माझ्या दारात ओतला गेला. भातासकट. गल्ली गोळा झाली.

"नाग्या, अरे लोक बघताहेत."

"बगू दे की. तुला पब्लिक लई आवडतं न्हवं?" मग आत बघून, "वहिनी, चहा टाका. ह्येला येळ लागंल."

मी गॅदरिंगमधली सगळी विद्या पणाला लावली. कंबर धरली, भोवळ आणली, मुलाबाळांची आण घातली. तो मडगार्डवर बसून चहा फुंकत म्हणाला, "दुसरा अंक झाला की सांग." दुपारपर्यंत मी उन्हात भाताची शितं विटांवरून वेचत होतो. जाताना माझं पाडलेलं जुनं दार त्यानं मागून घेतलं. ट्रॉलीतली फळी कुजली होती, तिच्या जागी ते बसवलं. त्यावर लाल रंगात 'कुत्र्यापासून सावध राहा' असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं, वडिलांना पाहुण्यांचा कंटाळा होता. तेव्हापासून ती पाटी सोलापूरभर फिरते आहे.

हा माणूस जन्मापासून असा नव्हता. पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा तोही भर दुपारी, रस्ता सामसूम असताना, आवारामागच्या ओढ्यात ट्रॉल्या उलट्या करायचा. एकदा ट्रॉलीवर बसून गाणी म्हणत मीही गेलो होतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओढा कोरडा होता आणि रिकामा दिसत होता... मग एका पावसाळ्यात एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. ओढ्यावरच्या लहानशा पुलाखाली पाणी जायला तीन मोऱ्या आहेत. तिन्ही राडारोड्यानं तुंबलेल्या. पाणी मागं फिरलं आणि काठच्या सखल वस्तीत शिरलं. बिरूनाना नावाचे म्हातारे मेंढपाळ तिथं राहतात. त्यांची दाव्याला बांधलेली कोकरं बुडाली.

नागेश मदतीला धावला. चिखल उपसताना त्याच्या हाताला निळ्या फुलाची फरशी लागली. ती त्यानंच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आणून टाकली होती. त्यानं ती बिरूनानांना दाखवली आणि सांगून टाकलं. नाना फरशीकडे बघत म्हणाले, "तू एकट्यानं व्हय रं टाकलं? सगळ्यांनीच टाकलं की." नागेश मला म्हणाला, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं रं."

तिथून त्याचा नेम सुरू झाला. आवारात भरलेली एक ट्रॉली आली, की ओढ्यातून एक ट्रॉली बाहेर काढायची. एक आत, एक बाहेर. 'हे तुमचं काम नाही,' असं त्याला एका कार्यालयात सांगितलं गेलं. "मग कुनाचं हाय, त्येचं नाव लिहून द्या," असं म्हणून तो तिथं बराच वेळ बसून राहिला. नाव मिळालं नाही. दुसरे ट्रॉलीवाले हसायचे आणि तो काढेल तिथंच टाकायचे. मग तो ओढ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावू लागला. कुणीतरी त्याचा दिवा फोडला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर तिथंच, फुटक्या दिव्यासकट. "अडवायला दिवा कशाला लागतो?" हे त्याचं उत्तर.

पहिली मोरी मोकळी व्हायला दोन वर्षं लागली. मोकळी झाली हे ठरवायची त्याची एक रीत होती. मोरीच्या तोंडाशी पालथं पडायचं, गाल मातीला टेकवायचा आणि आरपार बघायचं. पलीकडचा उजेड अख्खा दिसला पाहिजे. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसालाही त्यानं कितीदा पालथं पाडलं. "दिसतंय?" "थोडं." "थोडं न्हाय चालत. ऊठ, फावडं घे." दुसरीही झाली. तिसरीच्या वेळी छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी आराम सांगितला. "करतो की," तो म्हणाला, "तिसरी झाली की."

आणि तिसरी राहिली.

तेरावा होईपर्यंत ट्रॉली माझ्या दारातच होती. त्या दिवसांत मी ती दोनदा उपसून पुन्हा भरली. चौदाव्या दिवशी ओळखीचा आवाज आला. ट्रॅक्टरवर सुरेखावहिनी होत्या. आवाराचं काम त्या पहिल्यापासून बघत, पण शहरात ट्रॅक्टर आणलेला मी पाहिला नव्हता. उतरल्या, ट्रॉलीभोवती फिरल्या. विटांमधून टूथपेस्टची एक नळी ओढून काढली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोत्यात टाकली.

"चला भावजी. येताना एक भरायचीय."

त्यानंतर दर रविवारी ओढ्यावर जातो. बिरूनानांचे दोन्ही लेक येतात, आणि दिवा कुणी फोडला हे ज्याला नक्की ठाऊक असणार, असा एक ट्रॉलीवालाही येतो. तो फावडं घेतो, आम्ही त्याला जागा करून देतो. परवाच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "माजं गुडघं दुखत्यात, तुमी बगा." मी पालथा पडलो. गाल मातीला टेकवला. आधी नुसता काळोख, ओल्या सिमेंटचा वास... मग लांब, पलीकडच्या टोकाला काहीतरी पांढरं चमकलं.

"दिसतंय?" वहिनींनी विचारलं.

"दिसतंय."

"किती?"

"बशीएवढं."

वहिनी माझ्या डोक्याशी फावडं टेकवून म्हणाल्या, "बशीएवढं न्हाय चालत. उठा."

मी उठलो. मागं ट्रॉली उभी होती, माझं दार मधोमध, एक बाजू अजून रिकामी.