अंधारीतून बारादरीपर्यंत

देवगिरीच्या किल्ल्यात शिरताना आत्याबाईंनी पहिल्या दरवाजाच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग दुसऱ्या दरवाजाच्याही. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून फळ्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले होते. त्यांवरून बोटं फिरवत त्यांनी मला विचारलं, "एवढे खिळे ठोकले, अन् वर तोरण काहून न्हाई बांधलं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं. आधी भांड्यांची नावं गेली, मग वार, मग माणसं. पाय मात्र अजून शेतातले होते, चालायला लागल्या की मलाच धाप लागायची. पुतणीच्या साखरपुड्यासाठी आम्ही हिंगोलीहून संभाजीनगरला आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. किल्ला बघायचं ह्यांनी ठरवलं, आणि तिथं पोचल्यावर गुडघे चोळत चांदमिनारासमोरच्या हिरवळीवर तेच बसले. म्हणाले, "तुमी दोघी या जाऊन. आईचा हात तेवढा सोडू नको."

यंदाच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायकांनी माझा सत्कार करायचं ठरवलंय. सासूची सेवा करणारी सून म्हणून. मी नको म्हणाले तर त्यांना तो माझा विनय वाटला. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचा लोक नेहमीच चांगला अर्थ काढतात. ह्यांनाही मी काही सांगितलेलं नाही. आता सांगते.

त्या सकाळी धुकं होतं. मिनाराचा वरचा भाग दिसत नव्हता, डोंगर तर नव्हताच. हत्ती हौदाच्या काठाशी आल्यावर आत्याबाई थबकल्या. त्यांचं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या काठचं. खाली पसरलेला तो भलाथोरला कोरडा हौद बघून त्या म्हणाल्या, "पाणी सोडलं वाटतं कालव्याला. मासेवाले कुठं गेले मंग?" मी म्हटलं, येतील. असं काहीबाही बोलायची मला सवय झाली होती.

पुढं पडक्या महालांत त्या माझ्या पुढं चालू लागल्या. छप्पर कुठंच नाही. भिंती, कमानी, भिंतीतल्या देवळ्या आणि मधूनमधून धुकं. एका देवळीत हात घालून त्या म्हणाल्या, "हितं दिवा ठेवायचे." एका काळ्या पडलेल्या कोपऱ्याशी वाकून म्हणाल्या, "ही चूल. बघ, धूर बसलाय." चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या फरशीचे चार-दोन तुकडे उरलेत. ते बघून त्यांना वाईट वाटलं. कुणाच्या तरी हातून बशी फुटली म्हणे, आणि कुणी कबूलच करत नाही.

त्या दाखवत होत्या आणि मला ते घर दिसायला लागलं होतं. हे कोठीघर, ही बाळंतिणीची खोली, हे न्हाणीघर. धुक्यातून खोलीमागून खोली निघत होती आणि मी मनातल्या मनात वाटण्या करत होते, ही खोली आत्याबाईंची, आणि ती तिकडं, अंगणापलीकडं, तीन भिंती सोडून असलेली माझी. त्या खोलीत दुपारी मी एकटी झोपलेय. कुणी हाक मारलीच तर ती इथवर पोचत नाही. मी कितीतरी वेळ त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होते. मग आत्याबाईंनी माझा हात ओढला.

खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही अंधारीच्या तोंडाशी आलो. अंधारी म्हणजे डोंगर कोरून वर नेलेला भुयारी जिना. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसू नये, म्हणून केलेला. आतून गार वारा येत होता. आत्याबाईंनी तिथं पायातल्या चपला काढल्या.

"अहो, घाला त्या. आत घाण आहे."

"नागनाथाला चपला घालून उतरती व्हय तू?"

औंढ्याला नागनाथाची पिंड खाली गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरत, जवळजवळ बसतच उतरावं लागतं. आमच्या भागातली बाई दगडातलं असं गार, काळं तोंड बघते तेव्हा ती औंढ्यालाच आलेली असते. मी सांगितलं की हा किल्ला आहे, इथं खाली जायचं नाही, वर चढायचंय. त्या म्हणाल्या, "तू मला देव शिकवू नको." मागं माणसं खोळंबली होती. मी चपला उचलल्या आणि दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला.

आत वटवाघळांचा उग्र वास होता. लोक मोबाइलचे दिवे लावून चालले होते आणि दगडावर पडलेले उजेडाचे ठिपके हलत होते. आत्याबाई पुटपुटत होत्या. त्यांचा हात घामेजलेला आणि घट्ट. तो तसा कायमचाच होता, स्वयंपाक करताना पदराला, झोपताना मनगटाला. वळणावर पुढच्या कॉलेजच्या पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "बंद करा रे सगळे, बघू कसं वाटतं ते." एकेक करत दिवे विझले.

तो अंधार डोळ्यांपुढचा नव्हता. तो डोळ्यांच्या आतपर्यंत आला. त्यात मी बोटं उघडली. हात सुटला असं मला सांगता आलं असतं. सुटला नाही. मी सोडला.

"अगं, कुठं हाईस गं?"

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"पोरी?"

त्या माझ्यापासून हातभर अंतरावर असतील. मी श्वाससुद्धा हळू घेतला. त्यांचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. खरं म्हणजे मनात काहीच नव्हतं. हात हलका झाला होता, खांद्यापर्यंत हलका, आणि मला वाटलं की मी त्या लांबच्या खोलीत पोचले. मग एका बाईचा आवाज आला, "अम्मा, डरो नक्को. मेरा हाथ पकड लो." आणि आत्याबाई म्हणाल्या, "आलीस व्हय."

दिवे लागले तेव्हा एक उंच, बुरखा घातलेली बाई त्यांना घेऊन वर निघाली होती. बरोबर तिची बहीण होती, दोघी नांदेडकडच्या. हे नंतर त्यांच्या बोलण्यावरून कळलं. मी दोन पावलं पुढं टाकून हाक मारायची होती. मारली नाही. चार माणसं मध्ये जाऊ दिली आणि मागून चालू लागले.

वर ऊन होतं. धुकं खाली राहिलं होतं, त्यातून फक्त मिनार वर आला होता. मी कुणाचीच कुणी नसल्यासारखी पायऱ्या चढत होते. वाऱ्यानं पदर उडाला तरी तो मी सावरला नाही. एका झाडावर पोपट ओरडत होते. किती वर्षांनी मी नुसती बघत होते. पुढं आत्याबाई हसत होत्या. त्यांचं हसणं मी विसरले होते.

त्या बाईला त्यांनी आपली लेक ठरवलं होतं. माझी नणंद पुसेगावला दिलेली आहे, दोन वर्षांत एकदा येते.

"पुसेगावहून कवा निघालीस?"

"अब्बीच आई, अम्मा."

"अन् जावई?"

"नीचे बैठे. घुटने दुखते उनके."

"सगळ्यांचेच बसले मेले. अन् हे एवढं काळं काहून पांघरून राहिली?"

"थंडी है ना अम्मा."

दोघी बहिणी हसल्या. मग धाकटीनं विचारलं, "बहू कैसी है तुम्हारी?"

मी आता चारच पायऱ्या मागं होते. आत्याबाई पायरीवर थांबल्या आणि विचार करून म्हणाल्या, "गुणाची हाय. खायला घालती, न्हाऊ घालती. पन रागवत न्हाई कवाच. न रागवणाऱ्या बाईचं भेव वाटतं मला."

त्यानंतरच्या पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही.

बारादरी म्हणजे डोंगरावरचा कमानींचा महाल. तिथल्या एका कमानीखाली त्या टेकल्या. उंच बाईनं आत्याबाईंचे पाय बघितले, घाणीनं माखलेले. "चप्पल किधर छोड़े अम्मा?" असं म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर माझ्या हातावर थांबली. जुन्या, टाचेला झिजलेल्या, म्हाताऱ्या बाईच्या चपला. त्या टाकून द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

"ये इनके हैं?"

मी मान हलवली.

"तुम साथ में हो? कबसे?"

"अंधारीपासून."

"मैं तो नीचे जा के बोलनेवाली थी, किसी की अम्मा छूट गई करके."

"छूटी नहीं," मी म्हणाले. "मैंने छोड़ी."

आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही मोठ्यानं बोलले, आणि तेही परक्या भाषेत, परक्या बाईला. तिनं बाटलीतल्या पाण्यानं आत्याबाईंचे पाय धुतले, माझ्याकडून चपला घेऊन पायांत सरकवल्या, बहिणीला खुणावलं आणि निघताना मला एवढंच म्हणाली, "अब तुम बैठो." आवाजात राग होता. तो असायलाच हवा होता.

आत्याबाई कमानीतून खाली बघत होत्या. धुकं विरत होतं आणि पडके महाल एकेक करून उघडे पडत होते. मग त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"तू कोन गं?"

"तुमची सून."

"मंग एवढा वेळ कुठं होतीस?"

"मागं होते. मुद्दाम मागं राहिले. अंधारात तुमचा हात मी सोडला, आत्याबाई. तुम्ही हाक मारली तरी बोलले नाही."

"काहून?"

मला नीट उत्तर द्यायचं होतं. थकले होते, कंटाळले होते, झोप नव्हती, हे सगळं खरं होतं. पण त्याच्याही खाली जे होतं तेच तोंडून निघालं.

"राग आला होता तुमचा. लई दिवसांचा."

त्यांना किती कळलं, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आज त्या खाटेला खिळल्यात, तरी अजून समजलेलं नाही. चेहऱ्यावर भीती मात्र नव्हती.

"मंग तसं म्हनावं की, माय," त्या म्हणाल्या आणि दगडावर थोड्या सरकल्या. "बस."