सुमनने केलेला आईचा चेहरा

अंध मुलींच्या शाळेत मी त्यांची हस्तकला पाहायला गेले होते. टेबलावर शाडूचे हत्ती होते, बोटांनी पाकळ्या दाबून केलेली फुलं होती. खिडकीपाशी नऊ-दहा वर्षांची सुमन एका बाईचा चेहरा घडवत होती. रुंद कपाळ, जाड भुवया, कानांतल्या कुड्यासुद्धा. फक्त ओठांच्या जागी माती सपाट होती.

"कोण गं ही?"

"आई."

शिक्षिका माझ्या कानाशी म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी गेली."

"ओठ राहिलेत का, बाळ?" मी विचारलं.

"आई बोलायची तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे. ओठ हलत असायचे. गप्प असताना ते कसे असतात, मला माहीत नाही."

मी माझी आई आठवून पाहिली. डोळे असून मला तिचा भिंतीवरचा फोटोच आठवला.

"मावशी, तुमचे बघू?"

मी खाली वाकले. मातीने माखलेली, गार बोटं तिने माझ्या ओठांवर ठेवली. थोडा वेळ ती थांबली.

"मावशी, बोलू नका ना जरा," ती समजुतीने म्हणाली.

मी काहीच बोलत नव्हते.