चुकणाऱ्याने कप धुवायचे

मधू गेल्याचा निरोप सदर भागातल्या माझ्या ऑफिसात फोनवर आला आणि मी आधी हातातलं काम पुरं केलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. निरोप अनपेक्षित नव्हता. धंतोलीतल्या दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता. आता दीडेक महिना उलटला, पण डोक्यातला गुंता काही सुटत नाही. लिहिता लिहिता सुटेल म्हणून बसलो आहे... बघू.

मधू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. त्याचा खरा वर्ग मात्र रविवारी सकाळी घरच्या पुढच्या खोलीत भरे, आणि विद्यार्थी म्हणजे आम्ही मित्र. सगळे पदवीधर. श्लोक चुकला की ज्याला लाज वाटते, त्याला अणू-रेणूतला फरक सांगता येत नाही याची का वाटू नये, असं त्याचं म्हणणं. नियम एकच होता. शास्त्रातला शब्द वापरलात तर त्याचा अर्थ घरगुती भाषेत सांगायचा; चुकलात की सगळ्यांचे कप तुम्ही धुवायचे. वहिनी मोरीत राख काढूनच ठेवत. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आमच्यातले वकीलसाहेब ऐटीत म्हणाले, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. मधू म्हणाला, "नसतं तर तो तिथं उभा कसा राह्यला? कमी आहे, पण आहे. उठा वकीलसाहेब." मी एकदा ऐन मे महिन्यात, घाम पुसत, "आज उष्णता पंचेचाळीस डिग्री" म्हणून बसलो. "उष्णता नाही गा, तापमान. फुलबाजीच्या ठिणगीचं तापमान केवढं, पण हातावर पडली तर काही होते का? अन् बादलीभर कढत पाणी पडू दे, मंग समजते उष्णता." मी मुकाट्याने मोरी गाठली. चुकीचा अर्थ त्याने कोणाला म्हणून सोडला नाही, सासऱ्यांनाही नाही. त्या दिवशी वहिनी त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

आणि मग त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला व्हरांड्यात नेऊन काय ते सांगितलं. रोग्याला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. साधी गाठ आहे म्हणायचं असं ठरलं, आणि रोगी कोण आहे याचा विचार आम्ही कोणीच केला नाही.

एका दुपारी मी एकटाच त्याच्याजवळ होतो. चहा घेता घेता तो म्हणाला, "डॉक्टर बाहेर कोणाले तरी सांगून राह्यले होते. मॅलिग्नंट म्हणे. म्हणजे काय गा?"

मी गडबडलो. हद्द सोडून पसरत जाणारं, जिवावर उठणारं, हे त्यानेच आम्हाला एका रविवारी समजावलं होतं. "म्हणजे... चिवट," मी म्हणालो, "औषधाला जरा वेळ लागतो."

"असं होय," म्हणाला. वाद नाही, हसणं नाही. चहा संपवला आणि कप माझ्यापुढे धरला. "घे. धुवून आण."

कप धुवायला तिथे बाई होती. तरी मी उठलो, धुवून आणला. त्याचा अर्थ घरी परतताना वाटेत लागला आणि मी सायकलवरून उतरलो. पण खरंच तसं होतं का? आदल्याच दिवशी औषधाच्या गुंगीत त्याने मला वकीलसाहेब म्हणून हाक मारली होती. शब्दही विसरला असेल. कप नुसता कप असेल... पुढे विचारायचा धीर झाला नाही, आणि आता कोणाला विचारणार?

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पुढच्या खोलीत चहा दिला आणि समोर बसल्या. "भाऊजी, त्यायले माहीत होतं का हो? नसन तर बरंच झालं. अन् असन तर... एकटेच घेऊन बसले होते का सारं?"

"नाही वहिनी. त्याला काही माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मी चहा संपवला आणि उठलो. कप हातात घेऊन मोरीपर्यंत कधी आलो, ते माझं मलाच कळलं नाही. वहिनी मागोमाग आल्या. हातातल्या कपाकडे बघत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "चुकलं का, भाऊजी?"

मी राख शोधत राहिलो.