वीस गुण वस्तीचे

बाईंची नक्कल करायला विभागातल्या मुलांना फार काही लागायचं नाही. मान जरा डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज एकदम तळाला नेऊन, "तुम्ही काय बोललात ते लिहिलंय. घरातल्या बाई काय बोलल्या, ते कुठंय?" एवढ्यावर समाजकार्याचा अख्खा वर्ग आडवा व्हायचा. एकदा दाराआड उभं राहून बाईंनी ती पुरती ऐकली आणि आत येऊन म्हणाल्या, "मान उजवीकडे घ्या. डावीकडे मला वळवता येत नाही, दुखते."

एकोणीस वर्षं त्या विभागप्रमुख होत्या. छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या, सात विद्यार्थी आणि एक फळा, यावर सुरू झालेला विभाग त्यांनी तीन मजल्यांचा केला. पण त्यांना अभिमान मजल्यांचा नव्हता, एका नियमाचा होता. शेवटच्या वर्षाची गृहभेटीची परीक्षा वस्तीतल्या खऱ्या घरात व्हायची, आणि शंभरातले वीस गुण त्या घरचं माणूस द्यायचं.

नियमामागे त्यांचीच एक चूक होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या एका घरात दीड तास बसल्या, चार पानी फॉर्म भरला आणि खुशीत निघाल्या. घरातली बाई सारखी हसून मान डोलवत होती. त्या दीड तासात तिची कामाची पाळी बुडाली. आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. हे बाईंना महिन्याने कळलं. तो फॉर्म त्यांनी कुणालाच दाखवला नाही.

आणि आता विद्यापीठाची समिती नेमक्या त्या नियमावर बोट ठेवून बसली होती. अध्यक्षांना प्रत्येक वाक्यात 'या ठिकाणी' लागायचं.

"या ठिकाणी मला असं विचारायचंय, की उद्याच्या परीक्षेत वीस गुण देणाऱ्या या बाई करतात काय?"

"इस्त्री," बाई म्हणाल्या.

"शिक्षण?"

"सही येते."

"मग या ठिकाणी नियम जाईल, नाहीतर अभ्यासक्रमाची मान्यता जाईल."

विभागातले सहकारी सर जिन्यात बाईंना गाठून कुजबुजले. "नाही, मी काय म्हणतो मॅडम, वीसच तर गुण आहेत. द्या सोडून."

"सोडते. मग आपण शिकवतो काय, ते सांगा."

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

बाईंनी अध्यक्षांना एवढंच सांगितलं, की उद्या परीक्षा आहे, येऊन बघा, तुमचेही वीसपैकी गुण वेगळ्या कागदावर द्या, मग काय ते ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे इस्त्रीवालीच्या एका खोलीत. कपड्यांचे गठ्ठे, खाटेवर म्हातारी सासू, चुलीवर पाणी. अध्यक्ष कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर ऐसपैस टेकले. बाई दारात उभ्या राहिल्या.

आधी वर्गातली पहिल्या नंबराची मुलगी आली. "ताई, सक्षमीकरणाच्या दृष्टीने आपल्या कौटुंबिक गरजा कोणत्या?" इथून गाडी सुटली ती अर्धा तास थांबली नाही. इस्त्रीवाली "हो, हो" म्हणत होती. अध्यक्षांनी एकोणीस लिहिले.

मग बस-कंडक्टरची नोकरी सोडून शिकायला आलेला, पस्तिशीचा विद्यार्थी आला. बसला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "ताई, तुमची गडबड दिसतेय. दुपारी येऊ का?"

"चारनंतर या," ती म्हणाली.

तो गेला. चार मिनिटं झाली होती. अध्यक्षांनी चार लिहिले, मिनिटाला एक.

इस्त्रीवालीने मुलीला सहा दिले, कंडक्टरला अठरा.

"या ठिकाणी," अध्यक्ष म्हणाले, "घरच्या गरजांबद्दल एकही प्रश्न न विचारणाऱ्याला अठरा?"

इस्त्रीवालीने पदराला हात पुसले. "पोरगी गोड आहे हो साहेब. पण मी पाच वेळा चुलीकडे बघितलं, तिला दिसलं नाही. पाणी दोनदा तापवलं. आत्याबाई आंघोळीसाठी सकाळपासून बसल्यात. त्या भाऊंना आल्या आल्या कळलं."

"मग तुम्ही तसं सांगायचं होतं."

"कसं सांगणार? आत्याबाईंच्या आंघोळीच्या स्टुलावर तुम्ही बसलाय."

खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. अध्यक्ष ताडकन उठले. त्यांनी स्टूल स्वतः उचललं, कुठे ठेवायचं ते म्हातारीलाच विचारलं आणि तिने दाखवलं तिथे नेऊन ठेवलं. 'या ठिकाणी' म्हणायचं मात्र त्यांनी टाळलं. सगळे बाहेर आले आणि दार लागलं.

बाहेर बोळात अध्यक्षांनी दोघांच्या गुणांचे कागद शेजारी शेजारी धरले. सर बाईंकडे बघत होते, बाई बंद दाराकडे. मग अध्यक्षांनी आपले चार खोडले आणि अहवालात नियम कायम ठेवण्याची शिफारस लिहिली. फक्त एक रकाना त्यांना अडला.

"परीक्षकांची पात्रता काय लिहू?"

बाईंनी बंद दारावरची नजर काढून त्या कागदाकडे वळवली. एवढी वर्षं जे त्यांनी पुस्तकांतून, फळ्यावरून, ओरडून आणि विनवून शिकवलं, ते आता विद्यापीठाच्या कागदावर जाणार होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "घर त्यांचं आहे."

अध्यक्षांनी लिहिलं, अगदी तसंच.